उभ्या श्रोत्यांची मैफल

लंडन शहराच्या पश्चिम भागात केन्सिंग्टन नावाची वस्ती आहे. तेथे रॉयल आल्बर्ट हॉल हे एक भव्य, लंबवर्तुळाकार सभागृह उभे आहे. त्याच्यावर काचेचा विशाल घुमट असून आत पाच हजारांहून अधिक माणसे मावतात. दर वर्षी उन्हाळ्यात सुमारे आठ आठवडे ह्या सभागृहात संगीताचा उत्सव चालतो. ह्या उत्सवात प्रथमच जाणाऱ्या परक्या माणसास एका गोष्टीचे मोठे नवल वाटते. वादकांच्या अगदी समोरची, सभागृहाच्या मध्यभागातील जागा ही वास्तविक सर्वांत महाग असावयास हवी. परंतु तेथे एकही खुर्ची नसते. शेकडो माणसे तेथे दाटीने उभी राहून दोन-दोन तास संगीत ऐकत असतात. ह्या जागेचे तिकीट सर्वांत स्वस्त असते आणि ते मिळावे म्हणून लोक रांगा लावतात. त्यांत विद्यार्थी असतात, कारकून असतात, निवृत्त शिक्षक असतात. कित्येक जण तर वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी, त्याच सोबत्यांच्या शेजारी उभे राहत आलेले असतात.

ह्या उत्सवाचे नाव ‘प्रॉमेनाड कॉन्सर्ट्स’ असे आहे. लोक प्रेमाने त्याला नुसते ‘प्रॉम्स’ म्हणतात. ‘प्रॉमेनाड’ म्हणजे फेरफटका. पूर्वी लंडनमधील उद्यानांत संध्याकाळी वाद्ये वाजत असत आणि लोक हिंडत-फिरत ती ऐकत. तोच मोकळेपणा सभागृहात आला, म्हणून हे नाव पडले. नाव हलकेफुलके आहे. परंतु ह्या उत्सवाचा इतिहास मात्र तसा नाही. तो अनेकदा अचानक बंद पडला. एकदा तर त्याचे घरच जळून गेले. तरीही तो पुनःपुन्हा सुरू झाला. तो कसा सुरू झाला आणि कोणामुळे, ही गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या लँगहॅम प्लेस ह्या भागात क्वीन्स हॉल नावाचे एक नवे संगीतगृह होते. ते १८९३ साली उघडले गेले. त्याच्या रचनेत असे काही साधले होते, की वाद्यांचा स्वर कानाकोपऱ्यातील श्रोत्यापर्यंत स्वच्छ व मधुर पोहोचे. ह्या संगीतगृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन हे होते. त्या काळी उत्तम संगीत ही श्रीमंतांची मिरास होती. तिकिटे महाग असत, आणि सामान्य माणसाला अशा ठिकाणी जाण्याचा संकोचही वाटे. न्यूमन ह्यांच्या मनात एक कल्पना आली. उन्हाळ्यात संगीतगृह रिकामेच असते; तेव्हा तेथे रोज रात्री स्वस्त दरात मैफल करावी. प्रारंभी लोकांना आवडतील अशा सोप्या रचना वाजवाव्यात आणि मग हळूहळू, त्यांच्या नकळत, त्यांची अभिरुची वाढवीत न्यावी. लोकांना चांगले संगीत कळत नाही, अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा ते कळणारे श्रोते आपणच तयार करावेत, असा त्यांचा विचार होता.

ह्या कामासाठी त्यांनी हेन्री वुड ह्या तरुण वाद्यवृंद-संचालकाची निवड केली. पाश्चात्त्य संगीतात अनेक वादक एकत्र वाजवितात. व्हायोलिने, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे अशी नाना प्रकारची वाद्ये असतात. ह्या सर्वांना एका तालात व एका भावात बांधून ठेवणारा पुरुष समोर छडी घेऊन उभा असतो. तोच संचालक होय. वुड ह्यांचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

कल्पना होती, संचालक होता; परंतु पैसा नव्हता. तो एका डॉक्टरांनी दिला. डॉ. जॉर्ज कॅथकार्ट हे घशाच्या विकारांचे तज्ज्ञ होते. त्या काळी इंग्लंडातील वाद्ये युरोपातील इतर देशांपेक्षा चढ्या पट्टीत लावीत असत. पट्टी चढी असली म्हणजे गायकाच्या गळ्यावर किती ताण पडतो, हे संवादिनीच्या साथीने गाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. असे ताणलेले गळे कॅथकार्ट ह्यांच्याकडे उपचारासाठी येत. म्हणून त्यांनी पैसे देताना अशी अट घातली, की वाद्यांची पट्टी उतरवावी आणि सर्व मैफलींचे संचालन वुड ह्यांनीच करावे. अट मान्य झाली, आणि १० ऑगस्ट १८९५ रोजी पहिली मैफल पार पडली.

उभे राहून ऐकण्याचे तिकीट एक शिलिंग होते. श्रोत्यांना आत खाण्यापिण्याची, इतकेच नव्हे तर धूम्रपान करण्याचीही मुभा होती. फक्त गायन चालू असताना आगकाडी ओढू नये, एवढी विनंती कार्यक्रमपत्रिकेत केलेली असे. आज ही गोष्ट वाचून हसू येते. परंतु ज्याने कधी संगीतगृहाची पायरी चढली नव्हती, त्याच्या मनातील भीती ह्या मोकळेपणामुळेच नाहीशी झाली. पुढे आठवड्यातील काही दिवस थोर रचनाकारांसाठी राखून ठेवण्यात आले. सोमवारी व्हागनर आणि शुक्रवारी बेथोव्हन, असा परिपाठ पडला. नव्या रचनाही धाडसाने वाजविल्या जात. १९१२ साली शनबर्ग ह्या रचनाकाराच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या पाच रचना जगात सर्वप्रथम ह्याच उत्सवात वाजल्या. त्या इतक्या अपरिचित वळणाच्या होत्या, की श्रोत्यांनी त्यांचा निषेध केला. परंतु वुड डगमगले नाहीत. १९१४ साली खुद्द शनबर्ग लंडनला आले व त्यांनी त्याच रचना क्वीन्स हॉलमध्ये सादर केल्या, तेव्हा श्रोत्यांनी त्या अधिक आदराने ऐकल्या.

वुड हे शिस्तीचे मोठे भोक्ते होते. प्रत्येक वादकाचे वाद्य स्वरात लागले आहे की नाही, हे ते मैफलीपूर्वी स्वतः तपासून पाहत. त्या वेळी लंडनमधील वादकांत एक खोड होती. दुसरीकडे अधिक पैशाचे काम मिळाले, की ते आपल्या जागी बदली वादक पाठवून देत. त्यामुळे तालमीला एक माणूस आणि मैफलीला दुसराच, असा प्रकार घडे. १९०४ साली न्यूमन व वुड ह्यांनी ही बदलीची प्रथा बंद केली. तेव्हा सुमारे चाळीस वादक रागावून निघून गेले आणि त्यांनी आपला ‘लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ हा स्वतंत्र वाद्यवृंद स्थापन केला. वुड ह्यांनी नवे वादक जमवून काम चालू ठेवले. १९१३ साली त्यांनी आपल्या वाद्यवृंदात स्त्रियांना घेतले. त्या काळी ही गोष्ट नवीन होती. जे वादक रागावून गेले, त्यांच्या वाद्यवृंदाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

हा उत्सव कधीही श्रीमंत नव्हता. एक शिलिंगाच्या तिकिटावर एवढ्या वादकांचे वेतन भागत नसे. १९०२ साली न्यूमन ह्यांचे दिवाळे निघाले. तेव्हा एडगर स्पेयर ह्या पेढीवाल्या धनिकाने उत्सवाचा भार उचलला. स्पेयर ह्यांचे घराणे जर्मन होते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लंडनमध्ये जे जे जर्मन त्याचा द्वेष करण्याची लाट उसळली. त्या लाटेत स्पेयर ह्यांना इंग्लंड सोडून जावे लागले. जर्मन संगीतही वाजवू नये, अशी ओरड झाली आणि सुरुवातीच्या काही कार्यक्रमांत बदलही करावा लागला. परंतु थोर कला ही साऱ्या जगाची ठेव आहे, क्षणिक क्षोभाने तिला बाधा येऊ नये, अशी भूमिका न्यूमन ह्यांनी जाहीरपणे घेतली. आणि शत्रुराष्ट्रातील बेथोव्हन व व्हागनर लंडनमध्ये पुन्हा वाजू लागले. स्पेयर ह्यांच्यामागे चॅपेल ह्या संगीत-प्रकाशक पेढीने खर्च सोसला. १९२६ साली न्यूमन वारले. पुढच्याच वर्षी चॅपेलने हात आखडता घेतला. आता उत्सव संपला असे वाटत असतानाच बी. बी. सी. ह्या ब्रिटिश नभोवाणी संस्थेने १९२७ साली तो आपल्याकडे घेतला. त्यामुळे जे लंडनला येऊ शकत नव्हते, अशा दूरदूरच्या लोकांपर्यंत ह्या मैफली पोहोचू लागल्या.

आतापर्यंतची संकटे पैशाची होती. ह्यापुढचे संकट आकाशातून आले.

१९३९ सालचा हंगाम ऑगस्टमध्ये नेहमीप्रमाणे सुरू झाला. १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. तो शुक्रवार होता. म्हणजे बेथोव्हनची रात्र. लंडनवर केव्हाही बॉम्ब पडतील, अशी भीती होती. म्हणून बी. बी. सी.ने आपला वाद्यवृंद ब्रिस्टल शहरी हलविण्याचे ठरविले. त्या रात्रीनंतर मैफली थांबल्या. पुढे दोनच दिवसांनी ब्रिटन युद्धात उतरले आणि सरकारने सर्व नाट्यगृहे व चित्रपटगृहे काही काळ बंद केली. हंगामाचे पुढचे आठवडे तसेच गेले. उभे राहणाऱ्या श्रोत्यांना आपली जागा पुन्हा केव्हा मिळेल, हे कोणी सांगू शकत नव्हते.

अशा वेळी कोणाच्याही मनात एक प्रश्न यावा. देशावर प्राणसंकट आले असता संगीत ऐकत उभे राहणे, हा विलास नव्हे काय? हा प्रश्न खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर लंडनच्या सामान्य लोकांनीच दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पियानोवादिका मायरा हेस ह्यांनी राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात दुपारच्या सुट्टीत एक शिलिंग दराने मैफली सुरू केल्या. तेथील मौल्यवान चित्रे सुरक्षित जागी हलविल्यामुळे भिंती ओक्याबोक्या झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी तेथे लोकांची रीघ लागली. दिवसभर कचेरीत आणि रुग्णालयात राबणारी, रात्री पहारा देणारी ही माणसे होती. त्यांना जे हवे होते, ते केवळ मनोरंजन म्हणता येणार नाही. आपले नेहमीचे जीवन अजून शिल्लक आहे, ह्याची खूण त्यांना हवी होती.

१९४० साली बी. बी. सी.ने उत्सवातून अंग काढून घेतले होते. तेव्हा रॉयल फिलहार्मोनिक सोसायटी ह्या जुन्या संगीतसंस्थेने आणि तिचे कार्यकर्ते कीथ डग्लस ह्यांनी पुढाकार घेतला. परंतु वाजविणार कोण? लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा पुढे आला. छत्तीस वर्षांपूर्वी वुड ह्यांच्या शिस्तीला कंटाळून जे वादक बाहेर पडले होते, त्यांनीच स्थापन केलेला हा वाद्यवृंद. आता तोच वाद्यवृंद एकाहत्तर वर्षांच्या वुड ह्यांच्या छडीखाली बसला आणि उत्सव सुरू झाला.

काही दिवसांतच हवाई हल्ले सुरू झाले. मैफल चालू असताना धोक्याचा भोंगा वाजे. बाहेर पडणे जोखमीचे असल्याने श्रोत्यांनी आतच थांबावे असे ठरले. कार्यक्रमपत्रिकेतील रचना संपत. परंतु धोका टळल्याचा भोंगा वाजत नसे. मग एखादा वादक उठून एकट्याने काही वाजवी. श्रोत्यांपैकी कोणी व्यासपीठावर जाऊन गाई. केव्हा सारेच मिळून एखादे गाणे म्हणत. अशा रीतीने काही रात्री मध्यरात्र उलटून जाईपर्यंत श्रोते व वादक एका छपराखाली राहिले. ऐकणारे आणि वाजविणारे ह्यांच्यातील अंतर त्या रात्रींनी पुसून टाकले. ७ सप्टेंबर रोजी लंडनवरील मोठ्या हल्ल्यांना सुरुवात झाली आणि जेमतेम चार आठवडे चाललेला तो हंगामही अर्ध्यावर थांबला.

नंतरच्या हिवाळ्यात लंडनने कितीतरी रात्री आगीच्या उजेडात काढल्या. क्वीन्स हॉल मात्र उभा होता. दिवसाउजेडी तेथे इतर मैफली होत असत. १० मे १९४१ रोजी, शनिवारी दुपारी, माल्कम सार्जंट ह्यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने व एका मोठ्या गायकसमूहाने एल्गार ह्या इंग्रज रचनाकाराची ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शिअस’ ही रचना सादर केली. मरण पावणाऱ्या माणसाच्या आत्म्याचा प्रवास, असा तिचा विषय आहे. कार्यक्रम संपला. लोक घरी गेले. वादकांनी आपली पुष्कळशी वाद्ये तेथेच ठेवली.

त्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर आगलाव्या बॉम्बांचा वर्षाव केला. पार्लमेंटच्या सामान्य सभागृहाची वास्तू त्याच रात्री जळाली. थेम्स नदीला ओहोटी होती आणि जमिनीखालचे नळ फुटलेले होते. त्यामुळे ठिकठिकाणी आग विझविण्यास पाणी पुरेना. एक आगलावा बॉम्ब क्वीन्स हॉलवर पडला. सकाळी पाहावे तो छप्पर नाही, खुर्च्या नाहीत, व्यासपीठ नाही. नुसत्या धुमसणाऱ्या ढिगाऱ्याभोवती भिंती तेवढ्या उभ्या. हजारो पौंड किमतीची वाद्ये जळून गेली होती. ज्या लाकडी पोकळीतून त्यांना गोड स्वर मिळत असे, त्या लाकडाची राख झाली होती. ढिगाऱ्यातून एकच वस्तू धड बाहेर आली. तो हेन्री वुड ह्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा होता.

घर गेले, वाद्ये गेली. अशा वेळी उत्सवाचे काय उरते? पुढील काही आठवड्यांत जे घडले, त्यात ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची वाद्ये जळाल्याची हकीकत नभोवाणीवरून लोकांना सांगण्यात आली व वाद्यांसाठी आवाहन करण्यात आले. ठिकठिकाणच्या लोकांनी आपल्या घरची वाद्ये देऊ केली. ऐकणाऱ्यांनी वाजविणाऱ्यांच्या हाती पुन्हा वाद्ये दिली. त्या वाद्यांवर तो वाद्यवृंद आपले काम पुढे चालवू शकला.

उत्सवासाठी दुसरी जागा शोधावी लागली. एवढा मोठा श्रोतृसमुदाय मावेल असे आल्बर्ट हॉल हेच सभागृह लंडनमध्ये शिल्लक होते. परंतु त्यात एक मोठा दोष होता. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. छत जवळ असले म्हणजे त्यावरून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळून जातो. छत फार उंच असले म्हणजे तो उशिरा परततो आणि निराळा प्रतिध्वनी ऐकू येतो. आल्बर्ट हॉलच्या उंच घुमटामुळे असेच होई. तेथे एका तिकिटात मैफल दोनदा ऐकावयास मिळते, अशी थट्टा लोक करीत. हा दोष पुष्कळ अंशी दूर झाला तो १९६९ साली. त्या वर्षी घुमटाखाली काचतंतूंच्या मोठमोठ्या तबकड्या टांगण्यात आल्या आणि वर जाणारा ध्वनी त्यांनी विखरून टाकला. १९४१ साली मात्र आहे त्या जागेत भागविणे प्राप्त होते.

अडचण आणखी एक होती. शत्रूच्या विमानांना खुणा सापडू नयेत, म्हणून रात्री सर्व दिवे झाकण्याचा सक्त हुकूम होता. काळोखात हजारो लोक घरी कसे जाणार? परंतु त्या वर्षी युद्धामुळे ब्रिटनमधील घड्याळे उन्हाळ्यात दोन तास पुढे केलेली होती. त्यामुळे संध्याकाळचा उजेड पुष्कळ वेळ टिके. मैफली लवकर सुरू करून लोकांना उजेडातच घरी जाता यावे, अशी व्यवस्था झाली. जुलै १९४१ मध्ये, म्हणजे क्वीन्स हॉल जळाल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, उत्सव पुन्हा सुरू झाला. आल्बर्ट हॉलच्या मध्यभागातील जागा मोकळी ठेवली होती. नेहमीचे श्रोते आले आणि वादकांसमोर उभे राहिले. सभागृह नवे होते. परंतु उभे राहण्याची रीत जुनीच होती. पुढील वर्षी बी. बी. सी.नेही उत्सवाची जबाबदारी पुन्हा स्वीकारली.

१९४४ साली उत्सवाचा पन्नासावा हंगाम होता. तो जून महिन्यात थाटाने सुरू झाला. परंतु १३ जूनपासून लंडनवर वैमानिकाशिवाय उडणारे बॉम्ब येऊ लागले. काचेच्या घुमटाखाली हजारो माणसे एकत्र बसविणे धोक्याचे होते. जून महिना संपता संपता आल्बर्ट हॉल बंद करावा लागला. श्रोते जमू शकत नव्हते. म्हणून वाद्यवृंदाने बेडफर्ड ह्या गावी राहून तेथून अनेक मैफली नभोवाणीद्वारे लोकांच्या घरी पोहोचविल्या. २८ जुलै रोजी वुड ह्यांनी तेथे बेथोव्हनची सातवी सिंफनी सादर केली. तीच त्यांची अखेरची मैफल ठरली. १० ऑगस्ट ह्या वर्धापनदिनी ते आजारी होते आणि १९ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. जवळजवळ पन्नास उन्हाळे त्यांनी ह्या एका कामाला दिले होते.

१९४५ च्या मे महिन्यात युरोपातील युद्ध संपले आणि त्याच उन्हाळ्यात आल्बर्ट हॉलचे दरवाजे पुन्हा उघडले. उत्सवाशी वुड ह्यांचे नाव कायमचे जोडले गेले. क्वीन्स हॉल मात्र पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्या जागी आज एक हॉटेल उभे आहे. त्या संगीतगृहातील मधुर स्वर ज्यांनी ऐकला होता, ते त्याची आठवण अखेरपर्यंत काढीत राहिले. जे परत आले, ते पूर्वी जसे होते तसे आले नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. प्रत्येक वेळी काही ना काही कायमचे गेलेच होते.

युद्धानंतर पाऊण शतकाने ह्या उत्सवावर आणखी एक खंड पडण्याची वेळ आली. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे जगभरची सभागृहे ओस पडली. त्या वर्षी उत्सवाच्या पहिल्या सहा आठवड्यांत जुन्या मैफलींची मुद्रणे ऐकविण्यात आली. शेवटच्या दोन आठवड्यांत वादक आल्बर्ट हॉलमध्ये एकमेकांपासून अंतर राखून बसले व त्यांनी रिकाम्या सभागृहात वाजविले. जेथे गर्दी उभी असावयाची, ती जागा मोकळीच होती. त्याच साथीमुळे पुण्यातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवही २०२० साली होऊ शकला नाही; १९५३ सालापासून चालत आलेला तो महोत्सव रसिकांना पुन्हा लाभला तो २०२२ च्या डिसेंबरात. लंडनच्या श्रोत्यांना २०२१ च्या उन्हाळ्यात आपली जागा परत मिळाली.

ह्या साऱ्या हकीकतीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ह्या उत्सवाला एकच एक त्राता नव्हता. एका डॉक्टरांनी पहिला पैसा दिला. एका धनिकाने बुडता व्यवहार सावरला. एकेकाळी दुरावलेला वाद्यवृंद ऐन वेळी पुढे आला. ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, अशा लोकांनी आपली वाद्ये देऊन टाकली. आणि शिलिंगाचे तिकीट काढून उभा राहणारा श्रोता भोंगा वाजत असतानाही आपल्या जागेवर आला. ह्यांपैकी कोणी एक जण ‘हे काम माझे नव्हे’ असे म्हणता, तर ही परंपरा त्याच ठिकाणी तुटली असती. आपल्याला प्रिय असलेली संस्था चालू असते, तेव्हा ती कोणीतरी चालवीत आहे, ह्याची आपणांस जाणीव नसते. ती बंद पडते तेव्हाच तिच्यामागचे हात दिसू लागतात. आणि ती पुन्हा सुरू व्हावयाची असेल, तर त्यांत आपलाही हात असावा लागतो.

ढिगाऱ्यातून निघालेला तो ब्राँझचा अर्धपुतळा आज लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक ह्या संगीतविद्यालयाच्या मालकीचा आहे. उत्सवाच्या दिवसांत तो आल्बर्ट हॉलमध्ये आणून वाद्यवृंदाच्या मागे उंचावर ठेवतात. हंगामाच्या शेवटच्या रात्री त्याच्या मस्तकावर पर्णमाला घालण्याची प्रथा आहे. ती घालण्याचा मान कोणा राजपुरुषाचा किंवा मोठ्या कलावंताचा नाही. तो उभ्या श्रोत्यांचा आहे.